प्रोग्रामच्या फाइली कॉम्प्युटरवर नेमक्या कुठे ठेवायच्या? नवीन लोकांसाठी सगळं एका जागी

कॉम्प्युटर नवा असतो तोवर सगळं टापटीप असतं, मग हळूहळू डाउनलोड्समध्ये सेटअप फाइलींचा ढीग, डेस्कटॉपवर अर्धवट उघडलेल्या झिप, सी ड्राइव्हची पट्टी लाल, आणि एखादा प्रोग्राम काढून टाकायला गेलं की तो बसलाय कुठे तेच सापडत नाही. हे सगळं मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, कोणी एका ठिकाणी सांगितलं नाही, म्हणून इथे ओळीनं लिहून ठेवतोय. बहुतेकांकडे विंडोज असतं म्हणून भर त्यावर आहे, पुढे लिनक्स आणि थोडं मॅकचंही आहे. फोल्डरांची आणि बटणांची नावं मी देवनागरीत लिहिलीयत, स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील एवढं ध्यानात असू द्या.

"कुठे ठेवू?" हा प्रश्न खरं तर दुसरा. पहिला प्रश्न असा की हा प्रोग्राम उद्या अपडेट कोण करणार आणि नको झाला की काढणार कोण? इन्स्टॉलर, स्टोअर किंवा पॅकेज मॅनेजर (प्रोग्राम आणून बसवणारं, अपडेट करणारं आणि काढणारं टूल) करणार असेल तर जागा त्याची, तिथे आपण हात घालायचा नाही. आपणच करणार असू तर जागा आपली, आणि ती अशी हवी की तिथे दुसरं कोणी लुडबुड करणार नाही. खाली जे काही लिहिलंय ते फिरून फिरून यावरच येतं.

सुरू करायच्या आधी काय लागेल

- अ‍ॅडमिन अकाउंटचा पासवर्ड. ऑफिसचा किंवा कॉलेजचा कॉम्प्युटर असेल तर तो तुमच्याकडे नसणार, तरी बरंच काही करता येतं, सांगतो
- विंडोज ६४-बिट आहे की ३२-बिट याची माहिती. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे दिसते
- फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू मेनूतून "हिडन आयटम्स" आणि "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" दोन्ही चालू करून ठेवा, नाहीतर अर्धे फोल्डर दिसणारच नाहीत
- झिप उघडायची सोय. विंडोजमध्ये असतेच, पण सेव्हन-झिप असलं तर बरं
- महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप, हे वेगळं सांगायला नको

१. आधी तीन गोष्टी वेगळ्या ओळखा

आपण सगळ्यालाच "सॉफ्टवेअर" म्हणतो पण डिस्कवर तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे खुद्द प्रोग्राम, म्हणजे ईएक्सई (चालवायच्या) आणि डीएलएल (त्यांना लागणाऱ्या जोड-कोडच्या) फाइली, ज्या हरवल्या तरी परत डाउनलोड करता येतात. दुसरी म्हणजे त्याची सेटिंग्ज, तुम्ही लावलेली थीम, शॉर्टकट की, लॉगिन वगैरे. आणि तिसरं म्हणजे तुमचं काम, तुमची कागदपत्रं, फोटो, कोड.

विंडोजमध्ये पहिली गोष्ट प्रोग्राम फाइल्समध्ये जाते, दुसरी अ‍ॅपडेटामध्ये, तिसरी डॉक्युमेंट्स वगैरेमध्ये. अ‍ॅपडेटा हा तुमच्या यूजर फोल्डरमधला लपवलेला फोल्डर आहे, विंडोज की आणि आर एकदम दाबून आलेल्या चौकटीत पर्सेंटचं चिन्ह, अ‍ॅपडेटा, परत पर्सेंटचं चिन्ह असं टाइप करून एंटर मारलं की तुम्ही थेट त्यातल्या रोमिंगमध्ये पोचता, एक पायरी वर गेलं की लोकल आणि लोकललो दिसतात. मोठे कॅशे, म्हणजे पुन्हा बनवता येणाऱ्या तात्पुरत्या फाइलींचे साठे, बहुतेक लोकलमध्ये साठतात, सी ड्राइव्ह भरत चालला की आधी तिथे बघा. याशिवाय सी ड्राइव्हवर प्रोग्रामडेटा नावाचा आणखी एक लपलेला फोल्डर असतो, सगळ्या यूजरना मिळून जी माहिती लागते ती त्यात.

यावरून एक नियम निघतो. स्वतःचं काम प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये कधीच सेव्ह करू नका, अनइन्स्टॉल करताना किंवा अपडेट होताना तो फोल्डर साफ होऊ शकतो आणि मग रडून उपयोग नसतो.

२. इन्स्टॉलर असेल तर जागा त्याला ठरवू द्या

सेटअप चालवला आणि त्यानं सी ड्राइव्हवरचा प्रोग्राम फाइल्स सुचवला तर सरळ नेक्स्ट दाबा. तिथे साध्या परवानगीनं वाचता येतं, चालवता येतं, पण लिहिता येत नाही. तुम्ही अ‍ॅडमिन असलात तरी २००७ च्या व्हिस्टापासून विंडोज तुम्हाला रोजच्या कामाला साधी परवानगीच देतं आणि गरज पडली की विचारतं, ती "यस की नो" वाली चौकट. त्यामुळे एखादा व्हायरस तुमच्या नावानं चालू झाला तरी तो प्रोग्राम फाइल्समधली ईएक्सई गुपचूप बदलू शकत नाही. हा फायदा फुकटात मिळतोय, तो सोडू नका.

प्रोग्राम फाइल्स दोन का दिसतात हे सगळे विचारतात. ६४-बिट विंडोजवर ६४-बिट प्रोग्राम साध्या प्रोग्राम फाइल्समध्ये जातात आणि ३२-बिटवाले शेवटी एक्स८६ लिहिलेल्या फोल्डरमध्ये. इन्स्टॉलर आपोआप बरोबर जागा निवडतो. जागा वाचवायला म्हणून दोन्ही एकत्र करायला जाऊ नका.

काही इन्स्टॉलर विचारतात, "फक्त माझ्यासाठी की सगळ्यांसाठी?" फक्त माझ्यासाठी निवडलं की प्रोग्राम बहुतेक वेळा अ‍ॅपडेटा, लोकल, प्रोग्राम्स इथे बसतो आणि अ‍ॅडमिन पासवर्ड लागत नाही. व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) आणि पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) दोन्ही असे बसू शकतात. वर म्हटलं ना की पासवर्ड नसला तरी बरंच करता येतं, ते हेच. मात्र ऑफिसच्या मशीनवर आधी आयटीवाल्यांना विचारा, काही ठिकाणी हे चालत नाही.

जुन्या प्रोग्रामांची एक गंमत इथेच सांगतो. व्हिस्टाच्या आधीच्या काळातले काही ३२-बिट प्रोग्राम आपली सेटिंग प्रोग्राम फाइल्समध्येच लिहू पाहतात. विंडोज त्यांना लिहू तर देत नाही, पण एररही देत नाही, ती फाइल मुकाट्यानं अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर इथे वळवतं. मग तुम्ही प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन सेटिंगची फाइल बघता तर ती जुनीच, आणि प्रोग्राम मात्र नवीन सेटिंग दाखवतोय. असं काही भुताटकीसारखं दिसलं तर व्हर्च्युअलस्टोअर उघडून बघा.

३. झिपमधून आलेला, इन्स्टॉल न करायचा प्रोग्राम

खरा गोंधळ इथे होतो. पोर्टेबल म्हणतात त्या प्रोग्रामांना इन्स्टॉलर नसतो, नुसती झिप येते, म्हणजे ते सांभाळणारे तुम्हीच, जागाही तुम्हीच ठरवायची.

पहिला सापळा म्हणजे झिपच्या आतूनच प्रोग्राम चालवणं. विंडोज झिप अगदी फोल्डरसारखी उघडून दाखवतं, आत ईएक्सई दिसते, माणूस डबल क्लिक करतो. मग एक चौकट येते, तिच्यात "एक्स्ट्रॅक्ट ऑल", "रन" आणि "कॅन्सल", आणि घाईत आपण रन दाबतो. त्यावर विंडोज ती ईएक्सई टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये कुठेतरी काढून तिथून चालवतं. सोबतच्या डीएलएल मागे झिपमध्येच राहिल्या तर "अमुक डीएलएल सापडत नाही" म्हणून एरर येते. आणि एरर नाही आली तर जास्त वाईट, कारण प्रोग्राम चालतो, तुम्ही सेटिंग लावता, ती टेम्पमध्ये सेव्ह होते आणि पुढच्या वेळी सगळं कोरं.

म्हणून हे असं करा:

- यूजर फोल्डरमध्ये, म्हणजे सी, यूजर्स, तुमचं नाव, याच्या आत टूल्स नावाचा एक फोल्डर बनवा, नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवा आणि मध्ये स्पेस नको. काही जुनी कमांड-लाइन टूल्स स्पेसला आणि देवनागरी नावांना अडखळतात, आणि एरर अशी देतात की खरं कारण लक्षातच येत नाही
- झिप उघडण्याआधी तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि खाली "अनब्लॉक" दिसत असेल तर टिक करा. इंटरनेटवरून आली अशी खूण विंडोज झिपवर मारतं, ती तशीच राहिली तर आतल्या फाइलींवरही उतरते आणि मग वॉर्निंग येत राहतात. पण झिप मूळ बनवणाऱ्याच्याच साइटवरून घेतली असेल तरच हे करा, भलतीकडून आली असेल तर ती वॉर्निंग तुमच्याच भल्यासाठी आहे
- आता एक्स्ट्रॅक्ट ऑल. विंडोज झिपच्या नावाचा फोल्डर बनवतं आणि झिपच्या आतही पुष्कळदा त्याच नावाचा फोल्डर असतो, मग एकात एक असे दोन होतात. आतला बाहेर काढून घ्या
- फोल्डरच्या नावातून व्हर्जनचा आकडा काढून टाका. नाहीतर पुढचं व्हर्जन आलं की फोल्डरचं नाव बदलणार आणि शॉर्टकट, पाथ (तो पुढे पाचव्या भागात येतो) सगळं तुटणार
- ईएक्सईवर राइट क्लिक करून स्टार्टला पिन करा. डेस्कटॉपवर ठेवायचा तर शॉर्टकट ठेवा, प्रोग्राम नको

अपडेट करताना जुन्या फोल्डरच्या नावापुढे "जुना" अशा अर्थाचं काहीतरी जोडा, नवीन झिप मूळ नावाच्या फोल्डरमध्ये काढा, जुन्यातून सेटिंगची फाइल उचलून नव्यात टाका, ती बऱ्याचदा आयएनआय नाहीतर जेसन असते. चार दिवस नीट चाललं की जुना उडवा. कंटाळवाणं आहे, पण इथे इन्स्टॉलरचं काम आपण करतोय.

आता टूल्स यूजर फोल्डरमध्येच का, सरळ सी ड्राइव्हवर का नको? बरेच जण तिथेच ठेवतात आणि चालतंही. पण सी ड्राइव्हच्या मुळाशी तुम्ही जो फोल्डर बनवता त्यात त्या कॉम्प्युटरवर लॉगिन असलेल्या दुसऱ्या कोणालाही फाइली बदलता येतात, विंडोजची मूळ परवानगीच तशी आहे. एकट्याचाच कॉम्प्युटर असेल तर फार फरक पडत नाही, पण मशीन सामायिक असेल आणि त्यातला प्रोग्राम तुम्ही "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" करत असाल तर ते धोक्याचं आहे. यूजर फोल्डरमध्ये दुसऱ्या साध्या यूजरला शिरता येत नाही.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही टाळा, कारण वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर ते क्लाउडवर सिंक होतात. प्रोग्रामच्या शेकडो बारीक फाइली वर चढत बसतात आणि कधी त्यातली एखादी फक्त क्लाउडवरच राहते. डाउनलोड्समधूनही प्रोग्राम चालवू नका. स्टोरेज सेन्स, म्हणजे विंडोजची आपोआप साफसफाईची सोय, तसं सेट केलेलं असेल तर तो फोल्डर आपोआप रिकामा होतो, शिवाय भलत्याच कुठल्या साइटवरून आलेली डीएलएल तिथे पडलेली असेल तर शेजारची ईएक्सई तीच उचलू शकते.

४. सी भरलाय, डी वर टाकू का?

टाका, पण इन्स्टॉल करतानाच. "कस्टम" पर्याय निवडला की बहुतेक इन्स्टॉलर जागा विचारतात. आधी सी वर बसलेला प्रोग्राम कट-पेस्ट करून डी वर नेऊ नका. इन्स्टॉलरनं जुना पत्ता रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), शॉर्टकटमध्ये, सर्व्हिसमध्ये (मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम) लिहून ठेवलेला असतो, फोल्डर हलला तरी ते सगळे जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतात, आणि नंतर अनइन्स्टॉलसुद्धा धड होत नाही. अनइन्स्टॉल करून नव्या जागी परत टाकणं हाच सरळ मार्ग. स्टोअरमधल्या काही अ‍ॅपना इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सच्या यादीत "मूव्ह" बटण असतं, स्टीमवरच्या गेमना दुसऱ्या ड्राइव्हवर लायब्ररी बनवून हलवता येतं, तिथे खुशाल हलवा. जागा खातात त्या गेमच, दहा छोटे प्रोग्राम हलवण्यापेक्षा एक गेम हलवा.

"डी वर ठेवलं की फॉरमॅट मारल्यावर प्रोग्राम वाचतात" हे मी असंख्य वेळा ऐकलंय. फाइली वाचतात, प्रोग्राम वाचेलच असं नाही, कारण त्याची रजिस्ट्री सी बरोबर गेली. पोर्टेबलवाले तेवढे खरंच वाचतात. आणि डी जर जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि सी एसएसडी, तर प्रोग्राम उघडायला वेळ लागणार हे धरून चाला.

रजिस्ट्रीत जाऊन प्रोग्राम फाइल्सचा पत्ताच बदलायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका, मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्याला सपोर्ट देत नाही.

५. पाथमध्ये टाकणं

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, नुसतं नाव टाइप करून प्रोग्राम चालायला हवा असेल तर त्याचा फोल्डर पाथ नावाच्या यादीत लागतो. स्टार्टमध्ये "एन्व्हायर्नमेंट" टाइप करा, "एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युवर अकाउंट" निवडा, वरच्या भागातला पाथ निवडून एडिट, न्यू, आणि फोल्डरचा पत्ता पेस्ट करा. फोल्डरचा पत्ता हं, ईएक्सईचा नाही. मग आधीचं टर्मिनल बंद करून नवीन उघडा, चालू असलेल्या टर्मिनलला हा बदल कळत नाही.

सेटएक्स कमांडनं पाथ बदलायचे सल्ले इंटरनेटवर पडलेले असतात, ते टाळा. ती कमांड १०२४ अक्षरांपुढचं छाटून टाकते, आणि लोक जशी ती वापरतात तसं केलं की सिस्टिमचा आणि तुमचा पाथ एकात मिसळून जातो. यादी लांब असेल तर शेपूट गेलं, आणि काय गेलं हे आठवत नाही.

पायथनचं उदाहरण घ्या, सगळ्यांनाच भेटतं. पायथन टाकलं, टर्मिनलमध्ये पायथन टाइप केलं, आणि उघडलं काय तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर. अशा वेळी व्हेअर कमांड द्या, म्हणजे व्हेअर, स्पेस, पायथन. पॉवरशेलमध्ये असाल तर व्हेअर डॉट ईएक्सई असं पूर्ण लिहा, कारण तिथे नुसत्या व्हेअरचा अर्थ वेगळा आहे आणि उत्तरच येत नाही. दोन ओळी दिसतील, वरची विंडोजअ‍ॅप्स फोल्डरमधली, खालची तुमच्या खऱ्या पायथनची. यादीत जो आधी सापडतो तोच चालतो. विंडोजअ‍ॅप्समधली ती फाइल म्हणजे नुसता स्टोअर उघडून देणारा ठोकळा आहे. सेटिंग्जमध्ये "अ‍ॅप एक्झिक्युशन एलियासेस" शोधा आणि पायथनचे स्विच बंद करा, काम झालं. दोन व्हर्जनांची मारामारी असली तरी तपास असाच करायचा, फक्त तिथे पाथच्या यादीत हवा तो फोल्डर वर सरकवायचा. यात एक मेख आहे, सिस्टिमचा पाथ तुमच्या पाथच्या आधी वाचला जातो, त्यामुळे नको असलेला प्रोग्राम तिकडे असेल तर तुमच्या यादीत कितीही वर सरकवून उपयोग नाही.

६. लिनक्स असेल तर

इथे वाटणी जास्त साफ आहे आणि मनाची नाही, १९९४ पासून तिचे लिखित नियम आहेत, सध्याची ३.० आवृत्ती २०१५ ची.

- /यूएसआर/बिन आणि एकूणच /यूएसआर, लोकल सोडून: पॅकेज मॅनेजरचं घर. एपीटी, डीएनएफ जे काही असेल ते. हातानं काहीही टाकायचं नाही
- /यूएसआर/लोकल: तुम्ही स्वतः कंपाइल करून (मूळ कोडपासून बनवून) सगळ्या यूजरसाठी टाकलेलं. बऱ्याच प्रोजेक्टचं "मेक इन्स्टॉल" मुळातच इथे टाकतं
- /ऑप्ट: एका फोल्डरमध्ये सगळं बांधून आलेले मोठे प्रोग्राम. /ऑप्टमध्ये फोल्डर ठेवा आणि /यूएसआर/लोकल/बिनमध्ये त्याची सिमलिंक, म्हणजे शॉर्टकटसारखी जोडणी
- होममधला डॉट-लोकल/बिन: फक्त तुमच्यासाठी, सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्कानं कमांड चालवणं) लागत नाही

घरच्या मशीनवर एकटेच असाल तर माझं मत सरळ आहे, शेवटचा वापरा. स्वतःच्या स्क्रिप्ट, अ‍ॅपइमेज, एकेकट्या बायनरी (तयार चालणाऱ्या फाइली), सगळं तिथे. फाइलला सीएचमॉड कमांडनं एक्झिक्युट परवानगी द्यायला विसरू नका. डेबियन आणि उबुंटूमध्ये हा फोल्डर लॉगिनच्या वेळी अस्तित्वात असेल तरच पाथमध्ये घेतला जातो, म्हणून नवीन बनवला असेल तर एकदा लॉगआउट करून परत या. "कमांड नॉट फाउंड" येऊन डोकं खाजवणारे बरेच जण इथेच अडकलेले असतात. मेनूमध्ये आयकॉन हवा असेल तर डॉट-लोकल/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्समध्ये एक डॉट-डेस्कटॉप फाइल लागते.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे सुडो पिप इन्स्टॉल (पिप म्हणजे पायथनच्या लायब्ररी आणणारं टूल). सिस्टिमच्या पायथनवर डिस्ट्रोची (म्हणजे डेबियन, उबुंटू असा तुमचा लिनक्सचा प्रकार) स्वतःची टूल्स चालतात, त्यात तुम्ही वेगळ्या व्हर्जनची लायब्ररी कोंबली की ती टूल्स मोडू शकतात. म्हणून तर २०२३ च्या डेबियन १२ मध्ये पिप "एक्स्टर्नली मॅनेज्ड" म्हणून सरळ नकार देतं. त्या एररमध्येच "ब्रेक सिस्टिम पॅकेजेस" नावाचा पर्याय सुचवलेला असतो, नावातच इशारा आहे, तरी लोक तो वापरतात. प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) बनवा, कमांडसारखं वापरायचं टूल असेल तर पिपएक्स, ते कमांड डॉट-लोकल/बिनमध्येच आणून ठेवतं.

७. मॅक, थोडक्यात

डीएमजी (मॅकवर प्रोग्राम ज्यात येतो ती फाइल) उघडून आतला आयकॉन अ‍ॅप्लिकेशन्समध्ये ओढायचा आणि मग डीएमजी इजेक्ट करायची. डीएमजीमधूनच चालवत राहिलात तर अपडेट होत नाही, आणि रीस्टार्ट केलं की अ‍ॅप गायब. सेटिंग्ज लायब्ररी, अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट इथे असतात, लायब्ररी लपलेली असते, फाइंडरच्या गो मेनूत ऑप्शन की दाबून धरली की दिसते. होमब्रू (मॅकचा पॅकेज मॅनेजर) वापरत असाल तर इंटेल मॅकवर ते /यूएसआर/लोकलमध्ये बसतं आणि अ‍ॅपल सिलिकॉनवर /ऑप्ट/होमब्रूमध्ये, त्यामुळे जुन्या मॅकवरच्या स्क्रिप्ट नव्यावर आणल्या तर आधी पत्ते तपासा.

८. काढून टाकताना

ज्यानं टाकलं त्याच्याकडूनच काढा. इन्स्टॉलरनं टाकलेलं सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड अ‍ॅप्समधून, विंगेटनं (विंडोजचा पॅकेज मॅनेजर) टाकलेलं विंगेटनं, एपीटीचं एपीटीनं. प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर नुसता डिलीट केला तर यादीत त्याचं नाव तसंच लोंबकळत राहतं. तसं झालंच असेल तर तोच प्रोग्राम परत इन्स्टॉल करा आणि मग रीतसर अनइन्स्टॉल करा, रजिस्ट्री साफ करून देणाऱ्या प्रोग्रामांच्या नादाला लागू नका.

पोर्टेबल असेल तर फोल्डर डिलीट, शॉर्टकट डिलीट, पाथमधली ओळ डिलीट. ती तिसरी हमखास राहते. अनइन्स्टॉल झाल्यावरही अ‍ॅपडेटामध्ये त्या प्रोग्रामच्या किंवा कंपनीच्या नावाचा फोल्डर बऱ्याचदा उरतो, कारण परत टाकलात तर तुमची सेटिंग्ज मिळावीत म्हणून अनइन्स्टॉलर तो मुद्दाम सोडतो. परत टाकायचाच नसेल तर उडवा, पण आधी उघडून बघा. नोट्स घ्यायची काही अ‍ॅप्स आणि काही गेम तुमचा सगळा डेटा आणि सेव्ह केलेला खेळ तिथेच ठेवतात, आणि त्यांचे फोल्डर बाहेरून नुसत्या कॅशेसारखेच दिसतात.